बुजवलेली उघाडी

चि. परेश,
रागावलेल्या ताईचा आशीर्वाद.

मी मस्कतला बरी आहे, वेळेवर जेवते. एवढंच आईला वाचून दाखव.

पनवेलच्या खाडीबांधातली आपली उघाडी तू सिमेंटने बुजवलीस! वर फोनवर म्हणतोस, “आता खारं पानी येनार नाय.” अरे, ते लाकडी दार भरतीला मिटायचं आणि ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. आता तेच पाणी आपल्या ओटीवर चढलंय. अक्कल गहाण ठेवली होतीस का?

आईचा पलंग विटांवर चढवलास? तिचे गुडघे कसे आहेत?

ओहोटी लागली की घण घे, सिमेंट फोड, दार परत बसव. तिथे नारळ वाढवताना गळ्यात हार घालून फोटो पाठवला होतास ना? आता याचाही पाठव.

तुझीच,
अंकिताताई