आप्पांच्या मोटरीवर माझी चिप

९ जाने., बेळगाव
माझं पॉवर मॉड्यूल काल निपाणीला, घरी नेऊन बसवलं. सिलिकॉन कार्बाइडच्या सहा चिपा, चांदीच्या पेस्टनं मी स्वतः चिकटवलेल्या. चिप भरपूर व्होल्टेज नि उष्णता सोसते, हे जगाला ठाऊक आहे. माझा जोड सोसतो का, एवढ्यासाठी दोन वर्षं पोस्टडॉक. लॅबमध्ये सोसला. आता आमच्याच विहिरीवरच्या मोटरीच्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे मोटरीचा वेग सांभाळणाऱ्या पेटीत, चाळीस दिवस. माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, टिकला तर तिसऱ्या वर्षाच्या पैशांसाठी समितीशी मी भांडते. नाही टिकला तर... नको लिहायला.

१५ जाने.
आप्पा, माझे वडील, रोज मॉड्यूलचं तापमान फोनवर सांगतात. जैन घर, दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, म्हणून रीडिंग बरोबर पाचला. माझ्या लॅबमधल्या कुणाची वही इतकी नेटकी नाही.

२३ जाने.
तापमान हिशेबापेक्षा बरंच जास्त. रोजच. मॅडमना वाटतं जोडात पोकळी राहिली असणार. झोंबलं. एक्स-रे मी दोनदा बघितलाय. तरी जेवण गेलं नाही.

३० जाने.
मॅडमचा निरोप: सोमवारपर्यंत कारण द्या, नाहीतर मॉड्यूल काढून आणा आणि 'जोड सदोष' असं लिहा. मॅडमचंही चुकत नाही. पण तसं लिहिलं की तिसरं वर्ष गेलंच.

१ फेब्रु., निपाणी
सकाळच्या बसनं आले. करंट बघायला स्कोप लावला. चिपा चालू-बंद होताना दर वेळी करंटला मोठा झटका. दोन तास माझीच वायरिंग तपासत बसले. मग भिंतीकडे नजर गेली. ग्रीसनं काळा झालेला कंडेन्सर, मोटरीला जोडलेला, तसाच.

तीनपैकी दोनच फेज आल्या तरी मोटर फिरावी म्हणून आमच्याकडं प्रत्येक विहिरीवर तो असतो. ड्राइव्ह आला की तो आधी काढायचा, नाहीतर प्रत्येक झटका चिपांनी खायचा. हे मी मुलांना शिकवते! त्यात मोटर सुरू होताना ट्रिप होऊ नये म्हणून ड्राइव्हचं संरक्षणही मीच ढिलं ठेवलेलं. जन्मापासून डोळ्यांसमोर होता तो डबा, म्हणून दिसलाच नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा.

आप्पा म्हणाले, "मोटर म्हटली की कंडेन्सर असतोयच की गं. काढा म्हणाली असतीस तर काढला असता."

मग त्यांनीच विचारलं, "म्हंजे एवढं दिवस दणकं खाऊनबी तुझी चिप जित्ती हाय?"

"व्हय, आप्पा."

आप्पा लगेच बाहेर गेले. शेजारच्या मळ्यातल्या अण्णांना हाताला धरून घेऊन आले आणि मॉड्यूल दाखवलं. मला रडू आलं, आनंदानंच. कंडेन्सर काढला नाही, आधी मॅडमना विचारायचं.

३ फेब्रु., बेळगाव
मॅडमना सगळं सांगितलं. कन्नडमधून मनसोक्त हसल्या. मग मुद्द्यावर आल्या. कंडेन्सर आज काढला तर उरलेले दिवस सुखाने जातील, पण चाचणीच्या अटी बदलल्यामुळे झालेले दिवस धरता येणार नाहीत, आणि नव्यानं चाळीस दिवस मोजायला समिती थांबणार नाही. ठेवला तर ठरवलेल्यापेक्षा कितीतरी कठोर चाचणी पूर्ण होईल. मधेच जळलं तर हातात राख. शिवाय चूक माझ्या नावानं लिहावी लागेल. निर्णय माझ्यावर सोडला.

५ फेब्रु.
अहवालाचं पहिलं वाक्य लिहिलं: मोटरीवरचा कंडेन्सर काढायचा माझ्याकडून राहिला. लिहिताना वाटली होती तेवढी लाज वाटली नाही.

पाचला आप्पांचा फोन. रीडिंग सांगितलं, कालच्यापेक्षा दोन अंश वर. मग विचारलं, कंडेन्सर काढू का ठेवू.

अजून बारा दिवस. मी म्हणाले, ठेवा.