व्हरेनिकीची मुरड

एश्बॉर्न, मंगळवार

प्रिय आई,

फोनवर हे मला जमणार नाही, म्हणून कागद घेतला. सरितामावशी परवा पुण्याला निघतायत, त्यांच्या हाती पाठवते. सकाळपासून तीनदा लिहायला बसले नि तीनदा उठले. मघाशी तर धुतलेलेच कपडे पुन्हा मशीनमध्ये टाकले.

ओवी मजेत आहे. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. आणि प्रणव... इथेच अडतं बघा. आई, तुमच्या प्रणवची नोकरी फेब्रुवारीतच गेली. कंपनीने अख्खी टीम बंद केली. तो मात्र रोज लॅपटॉपची बॅग घेऊन निघायचा. बँकेचं सगळं तोच बघतो, त्यामुळे मला जूनपर्यंत पत्ता नव्हता.

जूनमध्ये एका सरकारी कचेरीतल्या कामासाठी फ्रँकफर्टला गेले होते. काम लवकर आटोपलं, भूक लागली, म्हणून स्टेशनमागच्या गल्लीत एका छोट्या युक्रेनी खानावळीपाशी थांबले. काचेपलीकडे व्हरेनिकी चालल्या होत्या. आपल्या करंजीच्याच वळणाच्या, पण तळायच्या नाहीत, उकळत्या पाण्यात सोडायच्या. आत बटाटा नि परतलेला कांदा, नाहीतर आंबट चेरी. पोळीवर पेला दाबून गोल कापणारा, कोपरापर्यंत पीठ माखलेला माणूस प्रणव होता. मी इस्त्री केलेला शर्ट खुंटीला. मालकीण हालिना साठीची असेल. मुरड सैल पडली की ती ओरडायची आणि हा हसायचा. इतकं हसताना मी त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मी आत गेले नाही. उपाशीच परतीची एस-बान लोकल पकडली.

चार दिवस त्याचे शर्ट इस्त्री करत राहिले. पाचव्या दिवशी सकाळी तोंडातून निघूनच गेलं, "आज बटाट्याच्या की चेरीच्या?" तो बुटांसकट दारातच बसला. म्हणाला, "अर्ज करून थकलो गं. तिथे संध्याकाळपर्यंत निदान काहीतरी तयार होतं." मी भांडले, नको नको ते बोलले. पुढे एका रविवारी ओवीला घेऊन तिथे गेले. तिने सगळ्यांसमोर चक्क मराठीत हाक मारली, "बाबा, अजून दे!" तो आत जाऊन बराच वेळ बाहेर आला नाही.

आता कार्ल्सरूहेच्या एका कंपनीने त्याला बोलावलंय. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. इकडे हालिनाचे गुडघे गेलेत, ती त्याला भागीदारीत घ्यायला तयार आहे. तो एकच घोकत असतो, "आई सगळ्यांना सांगत सुटलीय मी मॅनेजर झालो म्हणून. तिला काय तोंड दाखवू?" त्याला वाटतं, तुमचा ऐकण्यात गोंधळ झाला. गोंधळ नव्हता, आई. जुलैत तुम्ही विचारलंत, तेव्हा मीच तसं सांगितलं. सगळं ठाऊक असून. मला त्याची लाज वाटली होती. तीन महिने हे गिळून बसलेय. तो काय निवडेल ते निवडो, पण माझ्या थापेला घाबरून नको. तुम्ही त्याला फोन करा, सल्ला देऊ नका, फक्त कळलंय म्हणा. पाकिटात घालण्याआधी हे पत्र मी त्याच्याच हातात देणार आहे. पाकीट चिकटवायचं कामही त्याच्यावरच सोपवणार आहे, ते चिकटवलेलं मिळालं, तर त्याने वाचलं असं समजा.

तुमचीच,
ईप्सिता