बर्नीच्या अंगावर बेतलेला कोट

१४ नोव्हेंबर १९८३

स्प्रिंगच्या कपड्यांचा शो होऊन आठवडा झाला नाही तोच माझ्या भागीदारानं, सॉलनं, टेबलावर लोकरीचे तुकडे आणून ओतले. "राणीसाहेब, आता फॉल!" रस्त्यावर लोक आत्ता कुठे जाड कोट बाहेर काढताहेत, आणि आम्ही पुढच्या वर्षीच्या थंडीला लागलो. या धंद्यात 'आज' असा नसतोच.

पेपरातल्या फॅशनवालीनं लिहिलंय — 'रेजिना मार्चाकचे कपडे नेहमीप्रमाणे नेटके.' नेहमीप्रमाणे! हा शब्द आला की समजावं, उतरण लागली. सॉल म्हणतो, नेटके म्हणजे स्तुतीच की. त्याला माल विकायचा असतो. स्तुती आणि मर्तिकाचं भाषण यांतला फरक त्याला कळत नाही.

लोकर चांगली आहे. राखाडीत जराशी वीट मिसळल्यासारखी.

१७ नोव्हेंबर

पहिलं फिटिंग. बर्नी नेहमीसारखी उशिरा, तोंडात पेपरमिंट. "चल, टोच लवकर. भूक लागलीय."

धंदा सुरू केला तेव्हापासून माझा प्रत्येक कपडा आधी बर्नीच्या अंगावर चढतो. लोक म्हणतात, बहीण म्हणून फुकटात मिळाली असेल. तसं नाही. पुतळ्यावर मला काही सुचतच नाही. पुतळा श्वास घेत नाही, खांदे उडवत नाही, 'ही कॉलर घालून मी शिंकायचं कसं?' म्हणून विचारत नाही.

कच्च्या मापाची मांजरपाटाची बाही लावून बघत होते. डावा मुंढा बसेना. कापड ओढ खात होतं. वाटलं, आमच्या जुन्या शिवणकरणीचा, कॉन्चेटाचा, टाका चुकला. पण कॉन्चेटाचा टाका चुकत नाही. म्हणून आत बोटं घालून चाचपलं.

बगलेत गाठ. चांगली मोठी.

वर बघितलं तर बर्नी समोरच्या आरशात बघत होती. माझ्याकडे नाही.

"माहीत आहे मला," म्हणाली.

"कधीपासून?"

"शो होऊ दे म्हटलं. तू नुसती भुतासारखी फिरत होतीस. सांगितलं असतं तर बाह्या टाकून रडत बसली असतीस."

कॉन्चेटा टाचण्यांची डबी धरून तशीच उभी. मग हळूच म्हणाली, "पोरी, खाली बस." आणि बर्नी बसली. कुणाचं म्हणून न ऐकणारी बर्नी, बस म्हटल्याबरोबर बसली!

१८ नोव्हेंबर

हात किती वेळा धुतले. बोटांना अजून ती गाठ लागतेच आहे.

२ डिसेंबर

ऑपरेशन झालं. छातीची डावी बाजू सगळी काढली. बगलेतल्याही गाठी काढल्या. डॉक्टर व्हरांड्यात उभ्या उभ्या समजावून सांगत होता आणि मी त्याच्या टायकडे बघत होते. भिकार टाय. असलं रेशीम मी अस्तरालाही लावणार नाही. तो 'पसरलंय' म्हणाला, तेव्हा मला आधी टायवरचे ठिपकेच पसरल्यासारखे वाटले.

बर्नी शुद्धीवर आली. पहिलं वाक्य — "माझं माप बदललं गं." मग स्वतःच हसायला गेली, टाके ओढले, कळवळली.

मी पाणी आणते म्हणून बाहेर गेले. पाणी आणायचं विसरले.

१२ डिसेंबर

सॉलनं बर्नीच्या जागी उभी राहायला डेना नावाची मुलगी आणली आहे. गुणी पोरगी. सरळ उभी राहते, बोलत नाही. तिच्या अंगावर काहीही टाका, छानच दिसतं. तीच तर पंचाईत! सगळंच छान दिसायला लागलं तर मी करायचं काय?

दिवसभरात एक कॉलर झाली. ती फाडली.

सॉल वैतागला. "अगं, तुला हवंय तरी काय? या पोरीला दोन हात आहेत, दोन पाय आहेत, दोन —" आणि तिथेच थांबला. मग खिडकीशी गेला. खाली सेव्हन्थ अव्हेन्यूवर पोरं कपड्यांचे गाडे ढकलत होती, ते बघत उभा राहिला. 

२४ डिसेंबर

नाताळची आदली संध्याकाळ बर्नीच्या घरी. आईच्या पद्धतीनं बटाट्याचे पिएरोगी केले, तिच्या त्या उकडलेल्या करंज्या. बर्नीनं एक खाल्ला आणि म्हणाली, "याला टाच लाव, बूट होईल."

जेवणाआधी प्रसादाचा तो पातळ पापुद्रा दोघींनी मोडला. एकमेकींचं चांगलं चिंतायचं आणि खायचा. बर्नी म्हणाली, "या वर्षी तुला एक तरी कॉलर जमू दे." माझी पाळी आली. "पुढच्या वर्षी —" एवढं म्हटलं आणि तोंडच उघडेना. आयुष्यभर दुसरं काय बोलत आले? पुढच्या वर्षी कमरा खाली जातील, पुढच्या वर्षी हिरवा येईल. आज तेच दोन शब्द अर्धे राहिले.

"खा आता," बर्नी म्हणाली. "मला कळलं."

९ जानेवारी १९८४

सकाळी डेनाला उभं करून नुसती बघत बसले होते, तर दारात बर्नी! लिफ्टनं आली तरी धापा टाकत होती. "डेना, बाळ, जा, कॉफी पिऊन ये."

चौथऱ्यावर चढली. ब्लाउज काढला. मी मान वळवली.

"बघ," म्हणाली.

"बर्नी, थांब, त्या बाजूला आधी थोडा कापूस भरते, म्हणजे —"

"कापूस भरायचा तर पुतळ्यावरच शीव ना. मी जाते घरी."

"मला नाही जमायचं."

"तुला काय जमवायचंय? उभं मला राहायचंय."

बघितलं. डावीकडे सपाट, लांबलचक वण, अजून लालच. वाईट शिवलंय. कापडाला घातला असता असा टाका तर कॉन्चेटानं उसवायला लावला असता. बघताना तेच मनात आलं आणि मला माझीच लाज वाटली. मग तेच तोंडातून बाहेरही पडलं.

बर्नी हसली. "हां! आता माझी बहीण बोलली."

मग मी राखाडी लोकरच घेतली. मांजरपाट नाही, सरळ लोकर. कापड उजव्या खांद्यावरून सोडलं, तिरकं आणलं, डाव्या कमरेवर धरलं. छातीवर एकही टक्स नाही. डावीकडे कापडाचीच एक सैल घडी पडू दिली. काही झाकायला नव्हे. तिथे ती आपोआप पडत होती. टाचणी लावायला गेले तर कॉन्चेटानं हात धरला. "तिथे टाचणी नको. दोऱ्यानं." आणि तिनं उभ्या उभ्या धावदोरा घातला, फुंकर घालावी तसा.

बर्नी आरशात बघत राहिली. 

१० जानेवारी

जमला. कोट जमला!

३० जानेवारी

औषधं सुरू आहेत. आठवड्याचे पहिले दिवस नुसत्या ओकाऱ्या. केस गेले. "कलेक्शनमध्ये टोप्या घाल दोन-चार," म्हणते.

मी मात्र सुटले आहे. कोट झाला, त्यातून अंगरखा झाला, त्यातून संध्याकाळचा काळा ड्रेस. सगळं उजवीकडून डावीकडे जाणारं. इतक्या वर्षांत हात असा चालला नव्हता. घरी येताना टॅक्सीत लक्षात येतं की मी खूश आहे. मग घरापर्यंत अंग चोरून बसते.

सॉलची कुरकुर. "सगळंच तिरकं? खरेदीदारांना सांगू काय?"

"सांग, तिरकं आहे."

"पण का तिरकं?"

बर्नी सोफ्यावरून ओरडली, "ते नाही सांगायचं! माझी छाती पेपरात यायला मी काय पुढारी आहे?"

तिची तेवढी एकच अट. कुणालाही कळता कामा नये. सॉलनं आईची शपथ घेतली.

२२ फेब्रुवारी

दर फिटिंगला कोट सैल. मी आत घेते, पुढच्या वेळी परत सैल. हे माप दुकानात कुणाला होणार नाही हे मलाही कळतं. बेतणं हा माझा धंदा, पण जिवावर बेतणं म्हणतात ते काय असतं ते आता समजतंय.

आता दुपारनंतर डेना. बर्नी खुर्चीत बसून तिला शिकवते. "मेलेल्या बदकासारखी उभी राहू नकोस. डावा खांदा पुढे. घाई आहे तुला, बस चुकेल — अशी." पोरगी जीव लावून शिकते. आज एका क्षणी डेनानं खांदा उडवला आणि माझ्या हातातली कात्री खाली पडली. हुबेहूब!

१९ मार्च

यकृतात गेलंय. डॉक्टर म्हणाला, उन्हाळा. मी विचारलं, उन्हाळ्याआधी की नंतर? तो पुन्हा म्हणाला, उन्हाळा.

वर्कशॉपमध्ये रॅकवर सगळा सप्टेंबर टांगलाय — तेव्हा दुकानात लागायचे कपडे.

बर्नी फक्त म्हणाली, "बटणं कसली लावतेयस?" शिंगाची, म्हटलं. "बरं," म्हणाली.

२५ एप्रिल

शो झाला. बर्नी हॉस्पिटलात, तिला उठवेना, म्हणून आणलं नाही.

पहिला कोट डेनानं घातला. ती आली — डावा खांदा पुढे, बस चुकेल अशी — आणि हॉलमध्ये काहीतरी झालं. कागदांनी वारा घेणाऱ्या बायका थांबल्या. शेवटी लोक उभे राहिले. माझ्यासाठी असे कधी उभे राहिले नव्हते.

दरवेळी मला पडद्याबाहेर बर्नी ढकलते. नाहीतर मी जातच नाही. आज मी पडद्याशी नुसती उभी, आणि मागून हात येईना. मग डेनानं ढकललं. घाबरत घाबरत, दोन बोटांनी.

तशीच हॉस्पिटलात गेले. "काय झालं?"

"उभे राहिले सगळे."

"कॉलरला?"

"कोटाला."

"बघ. म्हणजे कॉलर जमलीच नाही." डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच हसत होती.

२६ एप्रिल

पेपर — 'मार्चाकला हे अचानक काय झालं? या शहरात यंदा एवढं धीट काम कुणी केलेलं नाही.' सॉल फोनवर मोठ्यानं वाचत होता आणि मध्येच हुंदके देत होता. मी ऐकून घेतलं. त्या लोकांना उत्तर द्यायचं असतं तर एका नावात देता आलं असतं.

११ जून

गेली. सकाळी. मी हात धरला होता.

१५ जून

स्क्रँटनला पुरलं, आईच्या शेजारी.

तिला घालायला मी राखाडी कोट नेला होता. पहिला, तिच्या अंगावर बेतलेला. कॉन्चेटानं वाटेत गाडीतच माझ्या कानाशी तोंड आणलं. म्हणाली, बर्नीनं बजावून ठेवलंय — 'कोट घालू नका. जूनमध्ये लोकर? उकडून मरेन!' तिला हवा होता तो तिचा निळा फुलाफुलांचा ड्रेस. दुकानातून घेतलेला, धुऊन विटलेला. माझा नव्हे.

मला राग आला. इतका की गाडीतून उतरावंसं वाटलं. मग कॉन्चेटानं पिशवीतून निळा काढला. आधीच बारीक करून आणला होता. सगळीकडे धावदोरा, टाचणी एकही नाही.

तिला तो शोभला. शोभला म्हणजे काय — तिचा होता.

१६ जून

काही नाही.

५ जुलै

सॉलनं टेबलावर रेशमाचे तुकडे ठेवले. ओतले नाहीत, ठेवले. राणीसाहेब म्हणाला नाही. "स्प्रिंग," एवढंच पुटपुटला. कोटाच्या ऑर्डरी पुऱ्या करता करता दुसऱ्या कारखान्यालाही काम द्यावं लागलंय.

डेना चौथऱ्यावर. मी कापड धरून उभी. मांजरपाट हातात घामेजलं.

"डेना, काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. शिव्या दे."

बिचारी कानापर्यंत लाल झाली. खूप विचार करून म्हणाली, "तुम्ही... तुम्ही फार हळू काम करता."

कॉन्चेटा हसली. मी रडले. मग कॉलर लावली.

३० ऑगस्ट

स्प्रिंग ठीक आहे. नेटकं आहे. नेहमीप्रमाणे.

११ ऑक्टोबर

क्लीव्हलंड. दुकानात कपडे घेऊन आलेय. बायका अंगावर घालून बघतात, मी इथे ओढते, तिथे सोडते आणि हसते.

दुपारी एक बाई आली, माझ्याच वयाची, शाळामास्तरीण असावी. आत कोट घालून बघितला आणि मला आत बोलावलं. दार लावून घेतलं. कोट उघडला, ब्लाउज उघडला. डावी बाजू सपाट. वण जुना, पांढरा. माझा हात उचलून तिनं स्वतःच तिथे ठेवला.

"वर्षानुवर्षं दुकानं फिरते," म्हणाली. "हा कोट माझ्यासारखीच्या अंगावर बेतलाय. खरं ना?"

सॉलनं शपथ पाळली आहे. मीही पाळली होती. पण म्हटलं, "माझी बहीण."

तिनं माझा हात सोडला नाही. "कशी आहे ती आता?"

डोळ्यांत असं काही होतं तिच्या —

"छान आहे," मी म्हटलं. "वजन वाढलंय जरा."