नावाला लागूनच वाट

प्रिय आप्पा,

जमलं! आज सकाळी चहा पार गार झाला, पण जमलं! तुमच्या जीपकार्डाचं मोबाइलवरचं पान हुबेहूब तुमच्या कार्डासारखं दिसायला लागलं. ही बातमी आधी तुम्हालाच द्यायची, म्हणून लिहायला बसले.

तळोद्याच्या छापखान्यात तुम्ही शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून ते कार्ड छापायचात. पाड्याचं नाव जाड अक्षरांत आणि नावाला लागूनच, त्याच ओळीत, वाट कुठे वळते ते. सगळे पाडे एकाच कागदावर! जीपचे ड्रायव्हर तो काचेजवळ टांगायचे.

आणि मी? कॉम्प्युटर शिकून आलेली शहाणी! पाड्याचं नाव म्हणजे मथळा, तो वेगळ्या ओळीवरच शोभतो म्हणून नवं कार्ड मी तसं केलं. तुम्ही म्हणालात, "बेटा, नाव वाचं का वाट लगेच सापडाले पाहिजे." ऐकलं का मी? ओळी वाढून एकाचे तीन कागद झाले. ड्रायव्हरांनी पहिला तेवढा टांगला. ज्या पाड्याची वाट दुसऱ्या कागदावर गेली होती, तिथे निघालेल्या नर्सबाई भलत्याच फाट्यावर उतरल्या आणि भर उन्हात पायपीट करत राहिल्या.

स्टँडवर सगळे चिडले. तुम्ही पुढे होऊन म्हणालात, "चूक मन्ही शे. मीच बराबर देखं नही." मी शेजारी उभी होते आणि तोंडातून शब्द काढला नाही. का सांभाळून घेतलंत हो? एकदा तरी रागवायचं होतं माझ्यावर!

आज सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये, मथळ्याला आधी इनलाइन केलं, म्हणजे ओळ न तोडता बसवलं. तरी मजकूर खालच्याच ओळीवर! मग लक्षात आलं, वाटेच्या परिच्छेदालाही इनलाइन करायला हवं. केलं, तर सगळे पाडे एकमेकांत घुसले! मी एकटीच हसत सुटले. शेवटी प्रत्येक पाड्याचं नाव आणि वाट मिळून वेगळ्या चौकटीत ठेवली, आणि आप्पा, काय सांगू! नाव संपलं की तिथूनच वाट सुरू!

तशीच स्टँडवर पळाले. तुमच्या जीपवाल्या रमजानभाईंनी चष्मा वर सरकवून मोबाइल पाहिला आणि ओरडलेच, "अरे, हाई ते आप्पानंच कार्ड शे!" मला रडू आलं. तुम्ही तिथे हवे होतात.

वचन देते आप्पा. उद्या आधी नर्सबाईंकडे जाऊन खरं सांगणार, मग स्टँडवर सगळ्यांसमोर. आणि पानाच्या तळाशी जुन्या कार्डाबद्दल एक ओळ घालणार. 'चूक' जाड अक्षरांत, आणि त्याच ओळीत, तिला लागूनच, माझं नाव.

तुमची, उशिरा ऐकणारी,
रूपाली