ब्रेक कोणी मारला

आबा, दादाने नवी गाडी घेतली आहे. पुढे काही आडवं आलं तर ती आपणहून ब्रेक मारते, पांढरी पट्टी ओलांडली की पीं-पीं करते. तुम्ही कंपनीची बस पेण-रोहा इतकी वर्षं चालवलीत, तुम्हाला हसूच आलं असतं. दादा मात्र चिडतो. गाडीत बसला की आधी ते सगळं बंद करतो. "मला आबांनी शिकवलंय, हा डबा काय शिकवणार?" असं चार माणसांत म्हणतो. मी तेव्हा उठून आत जाते.

मला तुम्ही शिकवलं नाहीत. निडी स्टेशनजवळचा मोकळा रस्ता, रविवारची सकाळ. कुणाची तरी मागून आणलेली जीप आहे, दादा स्टिअरिंगवर, तुम्ही त्याच्या शेजारी आणि मी मागच्या सीटवर. त्याने क्लच घाईने सोडला की तुमची चापट त्याच्या मानेवर. "आंधळा हायस काय? अंतर ठेव!" मी विचारते, "आबा, मी चालवू?" तुम्ही मागे वळतही नाही. "तू नको गो. तुला कुठं बस चालवायची हाय?" दादाचे डोळे भरून यायचे आणि मला त्याच्या मानेवरच्या त्या चापटीचासुद्धा हेवा वाटायचा.

मी शिकले बेचाळिसाव्या वर्षी, पैसे भरून. शिकवणारा सगळा वेळ फोनवर. तो कधी ओरडलासुद्धा नाही.

गेल्या महिन्यात पेणला दादाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वहिनीला गाडी येत नाही, म्हणून त्याचीच गाडी घेऊन मी त्याला आणायला गेले. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा मिटलेला, असा तो माझ्या शेजारी बसला. "ते पीं-पीं चालू ठेव," म्हणाला, "तुला लागंल." मी चालूच ठेवलं. खरं तर मला ते आवडतं. चुकले की कुणीतरी शेजारून लगेच बोलतं.

नागोठणं मागे टाकलं. मग माझं लक्ष दादाच्या उजव्या पायाकडे गेलं. वळण आलं, वेग वाढला, की डोळे मिटलेल्या अवस्थेतच तो पाय खालच्या मॅटवर दाबत होता. त्याच्या शेजारी बसून तुम्ही दाबायचात, अगदी तसाच. तुम्ही त्याच्या पायात उतरला होतात, आबा, आणि माझ्यात कुठेच नव्हतात. मी तो पाय बघत राहिले. पुढची सहा आसनी रिक्षा बाई उतरवायला मध्येच थांबली, ते मला दिसलंच नाही. मोठा पींऽऽ झाला, पट्ट्याने छाती आवळली आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. पाटी घेऊन उतरलेली बाई हातभर अंतरावर. तिने मला शिव्या दिल्या आणि ती गेली.

दादाने डोळा किलकिला केला. "काय झालं गो?"

"रिक्षा थांबली मध्येच."

त्याने डोळा पुन्हा मिटला. मग म्हणाला, "आबांसारखा मारलास ब्रेक. त्यांनी शिकवलं नाय तरी आलंच तुला."

हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते ते तुम्हाला ठाऊक नाही. माझा पाय तेव्हा ब्रेकवर नव्हताच, आबा.

मी "व्हय" म्हटलं.