गोलावरचा दोरा

अण्णा,

लेकीने परवा मला सॅन फ्रान्सिस्कोचं तिकीट काढून दिलं, आणि मी लगेच फोनवर शोधत बसले, बंगळूरहून किती लांब, किती वेळ. चौदा हजार किलोमीटर, सोळा-सतरा तास, मध्ये कुठे उतरणं नाही. एवढा वेळ एका जागी मी माझ्या लग्नातसुद्धा बसले नव्हते. खाली नकाशात विमानाच्या वाटेची रेघ होती. ती समुद्रावरून जायचं सोडून वर चढली आणि पार उत्तरेच्या बर्फावरून पलीकडे उतरली. ते बघून मी एकटीच हसले आणि तुमची फार आठवण आली.

बंगळुरातल्या मल्लेश्वरमचं आपलं शिवणाचं दुकान. मी सातवीत आहे, याच दोन शहरांमधलं अंतर काढायचा गृहपाठ आहे, आणि मी नकाशाच्या पुस्तकावर पट्टी ठेवून बसले आहे. तुम्ही गळ्यातला टेप सावरत येता. एका गिऱ्हाइकाने देऊन टाकलेला पृथ्वीचा गोल कपाटावरून काढता. "पोटाचं माप टेबलावर घेतात का गं? अंगावर घ्यावं लागतं," म्हणता, आणि काजाचा दोरा दोन्ही गावांवर धरून ताणता. दोरा सरकत सरकत बर्फावर जाऊन बसतो. इकडून कोण जाईल, म्हणून मी खिदळते, पण वहीत तेच उतरवते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यावर लाल रेघ मारली, वर्ग हसला. मी दप्तरासकट तडक दुकानात आले आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "तुम्हाला शिवणातलंच कळतं अण्णा, जगातलं नाही." तुम्ही कानडीत नुसतं "सरी", म्हणजे बरं, म्हणालात आणि मशीनवर मान वाकवलीत. पुन्हा माझ्या अभ्यासात कधी बोलला नाहीत. माझ्या शाळेच्या झग्याला मात्र दर वर्षी दोन बोटं जास्त कापड आत मुडपत राहिलात, पोर वाढेल म्हणून.

आता राजाजीनगरच्या घरून विमानतळावर तीन तास आधी पोच, असं लेक बजावते. मी आणखी एक तास धरलाय. तुमचीच सवय, दुसरं काय! पर्समध्ये दोऱ्याचं रीळ टाकलंय. नातीकडे गोल आहे म्हणे. तिला मी तुमचं माप दाखवणार आहे, आणि हे माझ्या पणजोबांचं, असं तिच्या वर्गात सांगायला लावणार आहे.

हे पत्र तुमच्या बटणांच्या डब्यात ठेवते. एक तेवढं सांगायचं राहिलं. मी तसं बोलले त्याच दुपारी तुम्ही जेवायला गेलात, तेव्हा मी गुपचूप गोल काढून पुन्हा मोजलं होतं. आधी समुद्रावरून, मग बर्फावरून. बर्फावरचा दोरा आखूड भरला. तुमची चाहूल लागली तशी गोल जागेवर ठेवला आणि पुस्तकात डोकं घातलं.