कात्रीला विहीणबाईंनी हात लावू नये

मी, चौकातल्या केस कापण्याच्या दुकानाची मालकीण, वय वर्षे अडुसष्ट, कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. विहीणबाईंचा विषय निघाला की तेवढ्यापुरतं ते फिरतं, हे डॉक्टरांना माहीत नाही.

१. दुकान, मागची खोली आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीच्या एकटीच्या नावावर व्हावी. मुली, यावरून सासू टोमणे मारेल. "बघू हं" म्हणायचं आणि कामाला लागायचं. नवऱ्याला मध्ये घालू नकोस. तो बिचारा दोन्हीकडून बोलणी खातो आणि शेवटी तुझ्यावरच चिडतो.

२. खुर्च्या आणि मोठा आरसा माझ्या मदतनीस बाईला. तिने कधी माझ्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवला नाही.

३. लांब पात्याची कात्री मुलीला. त्या कात्रीला विहीणबाईंनी हात लावू नये. मुलीचे केस लहानपणापासून मीच कापत आले. गेल्या वर्षी ती आली, तर उजवी बाजू बोटभर लांब! म्हणाली, "सासूबाईंनी कापलेत. असू दे गं, हौसेनं कापले." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नीट करून देते म्हटलं, तर नको म्हणाली.

४. सासूशी कसं वागू, असं तू दर रविवारी फोनवर विचारतेस. तू घातलेल्या घड्या त्या मोडून पुन्हा घालतात, तू दार आपटतेस, त्या अबोला धरतात. आणि संध्याकाळी दोघी एका पांघरुणात पाय घालून टीव्ही बघता. मी शहाण्यासारखा सल्ला देते, फोन ठेवते आणि जळत बसते. लग्न झाल्यापासून तू माझ्या घरी एकदाही दार आपटलेलं नाहीस. येतेस, आपला कप विसळून ठेवतेस, पाहुणीसारखी निघून जातेस. मला विहीणबाईंचा हेवा वाटतो. माझ्याशीही एकदा कडाडून भांड, एवढीच माझी मागणी आहे.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून मुद्दाम विहीणबाईंनाच साक्षीला बोलावलं आहे.

६. हे कलम आत्ता, सह्यांच्या आधी वाढवते आहे. विहीणबाईंनी सगळं वाचून काढलं. म्हणाल्या, "बोटभर नाही हो, अर्धं बोट." त्यांच्याबरोबर आलेली, मागून वाचणारी मुलगी मात्र भडकली. "आई, काय लिहून ठेवलंयस हे? तुला दमवायचं नाही म्हणून मी गप्प राहते, आणि मी पाहुणी? सकाळचं औषधसुद्धा अजून तसंच आहे!" जाताना दार असं आपटलं की मोठा आरसा हलला.

विहीणबाई म्हणाल्या, "रोजचंच आहे. येईल आता चहा घेऊन."

आली. कप माझ्यापुढे आदळला. मी मुकाट्याने औषध घेतलं.

सबब कलम ४ मधली मागणी पूर्ण झाली असून ती रद्द समजावी. कलम ३ आहे तसंच राहील.

ठिकाण : दुकानामागची खोली
दिनांक : आजचा, सोमवार, दुकान बंद

लिहून ठेवणार : मुलीची आई (सही)

साक्षीदार :
१. शेजारचे चष्मेवाले (सही)
२. विहीणबाई (सही, कलम ३ ला हरकत आहे)